हत्तीच्या पावसाआधी पडवीत रोपं: कोकणात भाजीचं बी कधी टाकायचं

मुंबईची नोकरी आटोपून मालवण तालुक्यातल्या गावी परतलो, त्या पहिल्याच वर्षी मोबाइलवर बघून टोमॅटोचं बी घरात रुजवलं. व्हिडिओतला माणूस सांगत होता, गोठवणारी थंडी सरायच्या आठ आठवडे आधी बी आत टाका, खालून ऊब द्या, वर दिवा लावा. आमच्या किनाऱ्यावर थंडीने रोप गोठल्याचं गावातल्या नव्वदीच्या म्हाताऱ्यानेही पाहिलेलं नाही. तरी मी डबे स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. बी उगवलं, पण रोपं काडीसारखी लांब, पिवळट, सगळी खिडकीकडे माना वाकवून उभी. घाबरून बाहेर आणली आणि पावळीखाली, म्हणजे छपराच्या कडेखाली ठेवली. रात्री एक सणसणीत सर आली, सकाळी डब्यात नुसता चिखल. शेजारच्या काकीने वाकून बघितलं आणि म्हणाली, "ह्यां बी पेरूक ठेवलंस काय बुडवूक?"

हा लेख त्या चिखलातून आला आहे. नव्याने गावी आलेले, परसात चार भाज्या लावू बघणारे, किंवा कणकवली-रत्नागिरीत गच्चीवर कुंड्या मांडून बसलेले, अशांसाठी.

पहिली गोष्ट डोक्यातून काढायची ती थंडी. थंड मुलखात बी आत रुजवतात ते उबेसाठी. आपल्याकडे बी पडवीत टाकायचं ते पावसापासून वाचवण्यासाठी. सप्टेंबरात ऊब भरपूर असते, हवेत ओल तर नको इतकी असते. उघड्यावर टाकलेलं बी एका सरीत वाहून जातं, नाहीतर कुजतं. आणि पाऊस पूर्ण थांबल्यावर बी टाकायला बसलात तर महिना-दीड महिना हातचा जातो. म्हणून वर छप्पर, बाजूने वारा आणि सकाळचं ऊन मिळेल अशा जागी, पाऊस चालू असतानाच रोपं तयार करायची. पाऊस सरला की रोपं जमिनीत.

मग तारीख कशी काढायची?

मागून मोजायची. आधी ठरवायचं, रोप जमिनीत कधी जाणार. त्यातून रोपाचं वय वजा करायचं.

रोप जमिनीत कधी जाणार हे इथे दोन गोष्टी ठरवतात. एक, परतीचा पाऊस. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईतून पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. खाली दक्षिणेला त्यानंतरही दुपारी ढग भरून येतात, विजा होतात, तासाभरात शेत भरतं. हस्त नक्षत्राचा हा पाऊस, आपण त्याला हत्तीचा पाऊस म्हणतो, आणि तो हत्तीसारखाच येतो. दुसरी गोष्ट भातकापणी. कुणग्यात भात उभं असताना भाजी कुठे लावणार? हळवं भात आधी निघतं, गरवं उशिरा. ज्यांच्याकडे फक्त परसू आहे त्यांना ही अडचण नाही. ज्यांना कापणीनंतर वायंगणी भाजी करायची आहे, त्यांनी आपलं भात कोणतं आहे ते आधी बघावं.

साधारण हिशोबासाठी मी लावणीची तारीख स्वाती नक्षत्र लागतं तेव्हाची, म्हणजे २४ ऑक्टोबरच्या आसपासची धरतो. तोवर हत्ती येऊन गेलेला असतो, जमिनीत ओल असते, उन्हाचा चटका थोडा उतरू लागतो.

आता रोपांची वयं. मिरचीला पाच ते सहा आठवडे, वांग्याला साडेचार ते पाच, टोमॅटोला चार. कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांनाही साधारण चारच. कांद्याला सहा ते सात. मिरची मुळात उगवायलाच आठ ते चौदा दिवस घेते, टोमॅटो पाच-सात दिवसांत डोकं वर काढतो, कोबी तीन-चार दिवसांत. काकी हे एका वाक्यात सांगते: "आधी मिरसांग, मगे वांगी. टोमॅटोक कसली घाई?"

२४ ऑक्टोबरमधून मागे मोजा. मिरची येते १२-१३ सप्टेंबरला, म्हणजे उत्तरा नक्षत्र लागतं तेव्हा. वांगी १९-२० सप्टेंबरला, उत्तराच्या मध्यावर. टोमॅटो २६-२७ सप्टेंबरला, हस्त लागताना. कोबी आणि नवलकोल यांना गारवा हवा, त्यांची लावणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात धरा आणि बी चित्रा लागताना, १०-११ ऑक्टोबरला टाका. कांदा त्याहूनही नंतर, बी ऑक्टोबरअखेर आणि लावणी डिसेंबरात.

नक्षत्रं मी हौसेने आणलेली नाहीत. गावात कोणालाही विचारा, उत्तर मिळतं "गणपती गेले की बी टाकायचं". ऐकायला सोपं, पण गणपती चांद्र तिथीवर येतात. २०२३ मध्ये ते १९ सप्टेंबरला आले, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. तीन आठवड्यांहून जास्त फरक झाला, आणि पाऊस काही गणपतीच्या मागोमाग परत जात नाही. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून दरवर्षी त्याच तारखेला, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकाने येतात. मिरगाची ७-८ जून जशी हलत नाही तशीच हस्ताची २७ सप्टेंबरही हलत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलं असतंच.

टोमॅटोला घाई नाही असं काकी म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. टोमॅटोचं फूल उष्णतेत टिकत नाही. दिवसा पारा ३५ च्या वर गेला किंवा रात्री तो चोविसाखाली उतरेना, तर फूल येतं आणि गळून पडतं. लावणीपासून महिन्याभरात टोमॅटो फुलतो. ऑक्टोबरअखेर लावला तर फुलोरा नोव्हेंबर संपताना येतो, पुढे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा विशीच्या आसपास असतो आणि फळ धरतं. हेच बी डिसेंबरात टाकलंत तर फुलोरा येईपर्यंत फेब्रुवारी सरतो, किनाऱ्यावर उकाडा वाढू लागतो आणि विहिरीचं पाणीही खाली गेलेलं असतं. नवशिक्यांचा टोमॅटो इथेच फसतो. झाडं हिरवीगार, फळ नाही, आणि दोष बियाण्याच्या दुकानदाराला.

पाऊस लांबला तर? लांबतो. मिरचीचं रोप आठ-दहा दिवस जास्त थांबलं तरी कुरकुर करत नाही. टोमॅटो थांबवला तर लांबुडका होतो. फ्लॉवरचं रोप जास्त दिवस अडकून राहिलं तर पुढे लिंबाएवढाच गड्डा धरतं आणि तिथेच थांबतं. म्हणून टोमॅटोचं बी मी दोनदा टाकतो, दहा दिवसांच्या अंतराने, थोडं थोडं. पहिली खेप पावसात सापडली तर दुसरी असते. दोन्ही साधल्या तर रोपं वाटायला होतात.

काय पडवीत टाकायचं नाही, हेही इथेच सांगून टाकतो. मुळा, गाजर, लाल माठ, मेथी, पालक, कोथिंबीर, वाल, चवळी, भेंडी ही सगळी थेट वाफ्यात पेरायची. मुळ्याचं रोप करून लावणारा एक चाकरमानी मी पाहिला आहे, तो मीच. वाकडे, दुभंगलेले मुळे आले.

जागा

पडवीची पूर्वेची किंवा आग्नेयेची बाजू बघा. सकाळी नऊ-दहापर्यंतचं ऊन रोपांवर तिरपं यायला हवं. ढगाळ दिवसांत तेवढा उजेडही कमी पडतो, म्हणून रोपं भिंतीला चिकटवून न ठेवता कडेला, पावळीच्या हातभर आत ठेवायची. पावळीच्या रेषेवर कधीच नाही. छपराचं पाणी धारेने पडतं आणि खालची माती उडवून रोपांच्या पानांवर बसवतं, रोग त्या मातीबरोबर चढतो. जुनं पारदर्शक प्लास्टिक असेल तर चार खांबांवर ताणून खळ्यात छोटा मांडव करता येतो. बाजू मात्र उघड्या ठेवा. प्लास्टिकने चारी बाजू बंद केल्यात तर आत भाकरी उकडेल.

डबे जमिनीवर नको, बाकावर किंवा टेबलावर. आमच्या सप्टेंबरात शेंबड्या गोगलगाई एका रात्रीत चाळीस रोपं देठापासून साफ करतात. मुंग्या तर बी उगवायच्या आधीच उचलून नेतात. टेबलाचे पाय पाण्याच्या करवंट्यांत ठेवले की दोन्हींचा बंदोबस्त होतो, फक्त ते पाणी दर दोन दिवसांनी फेका, नाहीतर डासांची पैदास. कोंबड्यांसाठी वरून जुनं मासे पकडायचं जाळं टाकलं की पुरे. किनाऱ्यावर त्याला तोटा नाही. बारीक नायलॉन जाळी मिळाली तर आणखी चांगलं, पांढरी माशी आत शिरत नाही. टोमॅटोचा पर्णगुच्छ आणि मिरचीचा चुरडामुरडा रोपवयातच लागला तर पुढे त्या झाडाचं काही होत नाही.

भांडी

दुकानात ९८ खणांचे काळे ट्रे मिळतात, तेच रोपवाटिकावाले वापरतात. दहा-वीस झाडांसाठी त्यांची गरज नाही. करवंटीचा मऊ डोळा फोडला की खालून पाणी निथळणारी कुंडी तयार, मिरचीला अगदी मापाची. पोफळीची विरी, म्हणजे गळालेल्या झावळीचा रुंद देठ, दोन्ही टोकांना दुमडून टाचली की सुंदर पन्हळ होते, त्यात ओळीने बी टाकता येतं. दुधाच्या पिशव्या, शहाळ्याची अर्धी कवटी, काहीही चालेल. अट एकच, खाली भोक हवं आणि खोली निदान चार बोटं.

माती

इथे जरा थांबा, कारण अर्धी रोपं मातीत मरतात.

आपली जांभ्याची लाल माती सुकली की तिच्यावर पापुद्रा धरतो आणि ओली झाली की चिकटते. नुसत्या त्या मातीत बारीक बी टाकलं तर कोंब वर यायला धडपडतो. एक भाग माती, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, असं मिश्रण करा. भुसा दुकानातला असो की सोडणं, म्हणजे नारळाच्या साली कुटून काढलेला, दोन-तीन पाण्यांत धुऊन पिळून घ्या. खाडीत कुजवलेल्या सोडणांत मीठ असतं. तोच नियम वाळूचा, नदीची चालेल, समुद्राची नाही. पुळणीवरची पांढरी वाळू बघून मोह होतो, पण तिच्यात बी रुजत नाही.

शेणखत कच्चं असेल, हातात घेतल्यावर ऊन लागत असेल, वास मारत असेल, तर त्याला हात लावू नका.

माती कुठून घ्यायची यापेक्षा कुठून घ्यायची नाही ते महत्त्वाचं. मागच्या वर्षी जिथे वांगी किंवा टोमॅटो अचानक दुपारी माना टाकून मेले, हिरवेच्या हिरवे, तिथली ओंजळभर मातीही रोपांत नको. हा जिवाणूंमुळे होणारा मर रोग. आपल्या उष्ण, ओल्या, आंबट मातीत तो घर करून बसतो. खात्री करायची तर मेलेल्या झाडाचा देठ आडवा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगा. काही मिनिटांत देठातून दुधासारखी पांढरी रेघ खाली उतरली तर तोच. त्या जागी निदान तीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांपैकी काही लावायचं नाही.

माती स्वच्छ करायला आपल्या आजोबांनी राब भाजला. भाताच्या तरव्याच्या, म्हणजे रोपांच्या जागेवर शेण, पाला, काटक्या पसरून उन्हाळ्यात जाळायचे, तणाचं बी मरायचं, बुरशी मरायची आणि राखेने मातीचा आंबटपणाही थोडा उतरायचा. काकी त्या भाजल्या जागेची वरची माती मे महिन्यात दोन घमेली भरून घेते, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवते आणि गणपतीनंतर तीच मिरचीला वापरते. राखेचा थर मात्र ती बाजूला सारते, कारण राख जास्त झाली तर कोवळं मूळ जळतं. भाजीच्या दोन डब्यांसाठी नव्याने राब जाळायला मी सांगणार नाही. धूर होतो, वारा फिरला तर बाजूच्या आंब्याला झळ लागते. त्याऐवजी मिश्रण एका टोपात घेऊन वर उकळतं पाणी ओता, झाका, थंड होऊ द्या, निथळू द्या. त्यानंतर त्यात मूठभर गांडूळखतात मिसळलेली ट्रायकोडर्माची भुकटी घाला. ही चांगली बुरशी आहे, वाईट बुरशीला जागा देत नाही. कृषी सेवा केंद्रात मिळते, पाकिटावरची मुदत बघून घ्या, जुनी झाली तर ती नुसती पांढरी पूड.

बी

कोकणचा पावसाळा बियांचा वैरी आहे. जूनमध्ये आणलेलं उघडं पाकीट सप्टेंबरपर्यंत दमट होऊन निम्मं मरतं. पाकीट हवाबंद बाटलीत, तळाशी कोरडे भाजलेले तांदूळ घालून ठेवा. कांद्याचं बी तर दुसऱ्या वर्षी वापरूच नका, त्याचं आयुष्यच तेवढं. शंका असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, सात-आठ दिवसांनी मोजा. सात उगवल्या तर चांगलं, चार उगवल्या तर दुप्पट टाका, दोन उगवल्या तर नवं पाकीट.

जात कोणती? ज्यांच्याकडे मर रोग आहे त्यांनी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या जाती शोधाव्यात. वांग्यात अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ, टोमॅटोत अर्का रक्षक, या जिवाणूजन्य मर सहन करतात. मिरचीत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण कीर्ती आहे. हे विद्यापीठ १९७२ पासून आपल्याच हवेसाठी जाती काढत आलं आहे. आणि गावात कोणाच्या परसात वर्षानुवर्षं टिकलेलं वांगं असेल तर त्याचं पिकलेलं एक फळ मागून घ्या, त्याच्यापुढे पाकीट फिकं. संकरित टोमॅटोचं बी मात्र काढून ठेवू नका, पुढच्या वर्षी भलतंच काही उगवतं.

मिरची रात्रभर पाण्यात भिजवा. बाकीच्यांना गरज नाही. पेरण्याआधी बिया किंचित ओल्या करून चिमूटभर ट्रायकोडर्मात घोळवा आणि सावलीत सुकवा. खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे टोमॅटो-वांग्याला अर्धा सेंटीमीटर. विरीत टाकत असाल तर ओळींमध्ये चार-पाच सेंटीमीटर आणि दोन बियांत बोटभर अंतर ठेवा. वरून चाळलेलं खत भुरभुरवा, हाताने हलकं दाबा, एकदा पाणी द्या. मग कोंब दिसेपर्यंत ओलं गोणपाट टाका. कोंब दिसला त्याच सकाळी गोणपाट काढा. संध्याकाळी काढू म्हणालात तर तोवर कोंब गोणपाटाच्या धाग्यांत गुंतून निघतात.

एका ग्रॅममध्ये टोमॅटोच्या तीनशेच्या आसपास बिया असतात. तुम्हाला झाडं हवीत दहा. वीस बिया टाका आणि उरलेलं पाकीट बंद करा. सगळ्या टाकायचा मोह फार होतो, मला माहीत आहे.

पाणी

सप्टेंबरच्या दमट हवेत रोज पाणी लागतंच असं नाही. बोट मातीत पेरभर घाला. ओलं लागलं तर पाणी नको. द्यायचं तेव्हा सकाळी, बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडून, हलक्या धारेने. संध्याकाळी पाणी दिलं की रात्रभर देठ ओले राहतात आणि सकाळी रोपं जमिनीलगत कापल्यासारखी आडवी पडलेली दिसतात. हे रोपं कोलमडणं. देठ तळाशी पिचलेला, पाणचट, सुतासारखा बारीक. नवशिक्यांची सगळ्यात जास्त रोपं याच्यात जातात आणि त्यांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी ओततात.

कोलमडलेलं रोप उठत नाही. ते आजूबाजूच्या मातीसकट काढून लांब फेका, पाणी दोन दिवस बंद करा, डबा वाऱ्यात सरकवा. तरी पसरत असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच-तीन ग्रॅम या प्रमाणात कालवून, हातमोजे घालून मातीत ओता. पण तांबं ट्रायकोडर्मालाही मारतं, तेव्हा दोन्ही एकदम वापरून पैसे वाया घालवू नका. काकीचा उपाय जुना आहे, ती डबा पाण्याच्या परातीत दहा मिनिटं ठेवते आणि खालून जेवढं चढेल तेवढंच पाणी देते. "पाणी बियाक नको, मातयेक होया," असं तिचं म्हणणं. मी आता तसंच करतो.

दोन खरी पानं आली, म्हणजे पहिली गुळगुळीत जोडी सोडून पुढची, की दाटी कमी करा. नको असलेलं रोप उपटू नका, कात्रीने कापा, शेजारच्याचं मूळ हलत नाही. तेव्हाच सुटी करून एकेक करवंटीत लावलीत तरी चालेल. आठवड्यातून एकदा पातळ शेणपाणी किंवा जीवामृत पुरतं, युरियाचं नाव काढू नका. कोवळं रोप त्याने भराभर वाढतं आणि भराभर पडतं.

ऊन दाखवणं

थंड देशात रोपांना बाहेरच्या गारठ्याची सवय लावतात. आपल्याला ऑक्टोबरच्या उन्हाची सवय लावायची असते. पडवीत वाढलेलं रोप पाऊस सरल्यावर थेट उघड्यावर नेलंत, तर दोन दिवसांत पानांवर पांढरे भाजल्याचे डाग उठतात. लावणीच्या आठ-दहा दिवस आधी सुरुवात करा. पहिले दोन दिवस सकाळी तासभर, मग दोन तास, मग दुपारपर्यंत, शेवटचे दोन दिवस पूर्ण. पाणीही कमी करत आणा, पानं किंचित मलूल झाल्यावर द्यायचं. रोप जाड, थोडं जांभळट देठाचं, वीतभर उंचीचं आणि पाच-सहा पानांचं झालं की तयार. ऊन दाखवायला बाहेर ठेवून बाजाराला गेलात आणि दुपारी हत्ती आला, तर माझ्याकडे येऊ नका.

लावणी

जागेची तयारी रोपं ऊन खात असताना करा. परसात पाणी तुंबत असेल तर हातभर रुंद, वीतभर उंच गादीवाफे काढा. माती आंबट असेल तर लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी थोडा चुना मिसळा, शेणखताबरोबर त्याच दिवशी नको, नत्र उडून जातं. अंतरं अशी: टोमॅटो आणि मिरची ओळींत ६० आणि रोपांत ४५ सेंटीमीटर, वांगं दोन्हीकडे ६० किंवा थोडं जास्त, कोबी दोन्हीकडे ४५, कांदा १५ बाय १०.

संध्याकाळी चारनंतर लावा. आधी रोपांना पाणी द्या, तासाभराने मातीच्या गोळ्यासकट काढा. टोमॅटो पहिल्या पानांपर्यंत खोल गाडला तरी देठाला मुळं फुटतात, मिरची-वांगं मात्र होतं तेवढ्याच खोलीवर. लावल्यावर प्रत्येक रोपाला नारळीचं अर्धं चुडत किंवा आंब्याची डहाळी पश्चिमेकडून खोचा, चार-पाच दिवस सावली राहील. मग ती सुकते आणि आपसूक ऊन आत येतं.

रोपं किती लावायची ते विहिरीला विचारा. मोठ्या झालेल्या टोमॅटोला उन्हात दिवसाला दीड-दोन लिटर पाणी लागतं. तीस झाडं म्हणजे चार-पाच कळश्या, रोज, फेब्रुवारीत आंगणेवाडीची जत्रा आली तरीही. पहिल्या वर्षी दहा टोमॅटो, सहा वांगी, सहा मिरच्या पुष्कळ झाल्या.

कांद्याचं थोडं वेगळं. त्याचं बी करवंटीत टाकून भागत नाही, रोपं शेकड्यांनी लागतात. पाऊस पूर्ण गेल्यावर उघड्या गादीवाफ्यावर ओळींत टाका. अलिबागकडे कार्ले, खंडाळे, नेहुली भागात भौगोलिक मानांकन मिळालेला पांढरा कांदा असाच भातकापणीनंतरच्या शेतात घेतात. ज्यांना बघून शिकायचं आहे त्यांनी डिसेंबर-जानेवारीत तिथे एक चक्कर मारावी.

आणि मे महिना

पडवीत बी टाकायची वर्षातली दुसरी वेळ मे महिन्यात येते. तवसं (मोठी काकडी), पडवळ, शिराळी, कारली, भोपळा हे पावसाळी वेल आपण मिरगावर आळ्यात टोकतो. पाऊस एकदम कोसळला तर अर्धं बी कुजतं. १५ ते २० मेच्या दरम्यान पिशव्यांत दोन-दोन बिया टोकून पडवीत ठेवल्या, तर मिरगाला तीन-चार पानांचा वेल हातात असतो, आणि तवसं गणपतीत पानावर वाढायला तयार. २०२५ मध्ये पाऊस २५ मेलाच देवगडला पोचला. आळी भिजली, पुढे उघडीप मिळेना, आणि ज्यांच्या पिशव्या पडवीत होत्या त्यांचेच वेल मांडवावर वेळेत चढले.

वेलांना मूळ हललेलं सोसत नाही, म्हणून त्यांना विरी किंवा ट्रे नको. एका पिशवीत एकच वेल ठेवा, दुसरा कापा, आणि वय तीन आठवड्यांच्या फार वर जाऊ देऊ नका. लावताना पिशवी उभी चिरा, गोळा अख्खा खाली सोडा. आळं मात्र उंचवट्यावर, गडग्याच्या बाजूला करा, जिथे जुलैच्या झडीतही पाणी साचत नाही. मांडवाच्या मेढी आधी रोवून घ्या. वेल लावल्यावर खड्डे खणाल तर पहिलं मूळ पहारीने तुटेल.